लोणकढी पिल्सनर

एका छोट्या ब्रुअरीतल्या बिअरच्या एका टाकीवरून आमच्या अकरा जणांत सहा आठवडे वाद चालला, त्याची ही हकीकत. ब्रुअरी पुण्यातली. नाव लिहीत नाही, कारण चूक एकदाच झाली, ती निस्तरली गेली आणि मालक आम्हाला अजूनही कोपऱ्यातलं मोठं टेबल राखून ठेवतो.

आमचं टोळकं महिन्याच्या पहिल्या गुरुवारी जमतं. दातांच्या डॉक्टरीणबाई, बँकेतून निवृत्त झालेले काका, एक आर्किटेक्ट जोडपं, बाकी बहुतेक आयटीतले. मी डेअरीत, गुणवत्ता विभागात. दिवसभर लोणी, तूप, चक्का हुंगायचा पगार घेतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण या प्रकरणात सगळ्यात मोठी फजिती माझ्याच नाकाची झाली.

पुण्यात ताज्या बिअरचा नाद लागला तो २००९ साली डूलाली सुरू झाल्यापासून. (हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलं. ब्रिटिश शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथल्या छावणीत सडायचे आणि डोकं फिरलेल्याला ‘डूलाली’ म्हणायचे.) पुढच्या दहा-बारा वर्षांत शहरभर तांब्याच्या नि स्टीलच्या टाक्या दिसायला लागल्या. पण फळ्यावर लिहिलेली यादी बघा, बहुतेक ठिकाणी सारखीच. गव्हाची हेफेवायझेन असणारच. एखादी कडवट आयपीए, एखादी काळी स्टाउट, सफरचंदाची सायडर आणि उन्हाळ्यात आंब्याचं काहीतरी. पिल्सनर क्वचित, आणि त्याला कारण चवीचं नाही, टाकीचं आहे. गव्हाची बिअर दोन-तीन आठवड्यांत ग्लासात येते. पिल्सनर ही लागर जातीची बिअर, म्हणजे थंडीत सावकाश आंबवून पुढे गारठ्यात मुरवलेली. ती पाच-सहा आठवडे टाकी अडवून बसते. ज्याच्याकडे पाचच टाक्या आहेत त्याला ही चैन महाग पडते.

आमच्या ब्रुअरीवाल्याने ती केली. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी फळ्यावर ‘पिल्सनर’ लिहिलं गेलं आणि आम्ही सात जण त्याच संध्याकाळी गेलो. सोनेरी, काचेसारखी नितळ, वर बोटभर पांढरा फेस, घोटाच्या शेवटी हॉप्स या फुलांचा कोरडा कडवटपणा. डॉक्टरीणबाईंनी वहीत दहापैकी साडेआठ दिले. त्या आठ कुणालाही देत नाहीत.

उरलेले चौघे महिनाअखेरीला गेले. एप्रिलच्या गुरुवारी सगळे भेटलो तेव्हा त्यांच्यातला एक म्हणाला, “तुम्ही कशाला साडेआठ दिलेत? पॉपकॉर्नचा वास मारतोय नुसता.”

पॉपकॉर्न म्हणजे नक्की काय

पहिलं भांडण या शब्दावरूनच झालं. आर्किटेक्टबाईंच्या मते पॉपकॉर्न म्हणजे मका, गाडीवर उकडलेलं कणीस फोडल्यावर येतो तो गोडसर वाफाळता वास. तक्रार करणाऱ्याच्या मते पॉपकॉर्न म्हणजे थिएटरातलं, वरून ओतलेलं पिवळं बटर. शब्द एक आणि दुखणी दोन. उकडलेल्या कणसाचा वास येतो तो डायमिथाइल सल्फाइडचा. फिकट पिल्सनर माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवात, त्याचा मूळ पदार्थ जास्त असतो, आणि त्या माल्टचा काढा पुरेसा उकळला नाही किंवा झाकण ठेवून उकळला तर तो वास बिअरमध्ये राहतो. बटरचा वास डायअसिटिलचा. त्याचा उकळण्याशी संबंध नाही, तो आंबवण्याच्या टप्प्यातला. म्हणजे एका वासासाठी चुलीकडे बोट दाखवायचं आणि दुसऱ्यासाठी टाकीकडे. आम्ही पाऊण तास एकाच शब्दाने दोन वेगळ्या जागी बोट दाखवत होतो.

शेवटी काकांनी त्या संध्याकाळचा ताजा ग्लास मागवला आणि माझ्यापुढे सरकवला. “तुझं कामच आहे ना हे, सांग.”

मी हुंगलं. छान वाटलं. गोलसर, मऊ, ओळखीचं. म्हणालो, “मला तर काही खोट दिसत नाही, उलट भरीव झालीय.”

आता कळतं की मी त्या क्षणी कामावर होतो. आमच्याकडे लोण्याला हा वास आला की बॅच पास. सायीला विरजण लावतात त्यातले काही जिवाणू दुधातल्या सायट्रेटपासून डायअसिटिल बनवतात, आणि लोण्याला लोण्याचा वास येण्यात मोठा वाटा त्याचाच. वीस वर्षं ज्या रेणूला शाबासकी दिली त्याला बिअरच्या ग्लासात चोर म्हणून ओळखायला नाक तयार नव्हतं. आणि हे माझ्या एकट्याचं नाही. विरजण, ताक, लोणी, कढवलेलं तूप यांत वाढलेल्या घरात हा वास म्हणजे सुगरणपणाची खूण. केळ्याचंही तसंच. हेफेवायझेनमध्ये शिकरणाचा वास आला तर वाहवा, कारण तिचं यीस्टच तो वास देतं. तोच पिल्सनरमध्ये आला तर ब्रुअर कपाळाला हात लावतो. वास तोच, घर बदललं की गुन्हा.

दुसरी बाजूही कच्ची नव्हती. आर्किटेक्ट प्राग बघून आलेले. ते म्हणाले, “अहो, मूळ पिल्सनरमध्येसुद्धा थोडं लोणी असतंच.” खरं आहे. चेक देशातल्या पिल्झेन गावात बव्हेरियाहून आणलेल्या योझेफ ग्रोल या ब्रुअरने ५ ऑक्टोबर १८४२ रोजी पहिली फिकट सोनेरी लागर घातली. त्या घराण्याच्या आजच्या पिल्सनर उर्केलमध्येही डायअसिटिल पुसटसं जाणवतं. स्पर्धांच्या परीक्षकांसाठी शैलींची जी नियमावली आहे तिच्यात चेक पद्धतीच्या फिकट लागरला हलकं डायअसिटिल चालतं, जर्मन पिल्सला चालत नाही. मग आमच्या ब्रुअरीची कोणती? फळ्यावर नुसतंच ‘पिल्सनर’ लिहिलेलं.

दोघंही खरे

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नव्हती. सात जणांनी मार्चच्या सुरुवातीला ‘स्वच्छ’ लिहिलं होतं, चौघांनी महिनाअखेरीला ‘बटर’. आम्ही ते नाकांतला फरक समजून भांडत बसलो. डॉक्टरीणबाईंनी वही उलटून तारखा वाचल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “आपण एकाच बिअरबद्दल बोलतोय कशावरून?”

टाकी एकच होती, बिअर तीच होती. पण ती पहिल्या शुक्रवारी जशी होती तशी आता राहिली नव्हती.

ब्रुअरला टेबलाशी बोलावलं. तो तिशीतला, अबोल, हात कायम ओले. पहिल्यांदा त्याचं तोंड पडलं, पण ऐकून घेतलं. त्याचा पहिला संशय नळाच्या पाइपांवर. बरोबरच होता. पाइप नीट धुतले नाहीत की त्यांत पेडिओकॉकससारखे जिवाणू ठाण मांडतात आणि तेही डायअसिटिल बनवतात. म्हणून पाइप निदान दोन आठवड्यांनी एकदा कॉस्टिकने धुवावेत असा या धंद्यात दंडक आहे. पण जिवाणूंचा उपद्रव असता तर जोडीला आंबटपणा आला असता, बिअर गढुळली असती. हिच्यात दोन्ही नव्हतं. तरी खात्रीसाठी तो आम्हा दोघांना आत घेऊन गेला आणि पाइपाला वळसा घालून थेट टाकीच्या नमुन्याच्या तोटीतून ग्लास भरला. तोच वास. पाइप निर्दोष.

टाकीवर क्लिपबोर्ड लटकत होता. पेन्सिलीने लिहिलेला, कोपरे भिजून फुगलेले. तो मी उभ्याउभ्या वाचला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला काढा टाकीत, गुरुत्व (काढ्यात साखर किती ते सांगणारा आकडा) १.०४८. दहा अंशांवर आंबवणं. रोजचा आकडा उतरत उतरत नवव्या दिवशी १.०११. साखर संपली, काम झालं. दहाव्या दिवसाची नोंद एका शब्दाची: ‘थंड’. बाराव्या दिवशी बिअर वाढपाच्या टाकीत हलवलेली, तिथेच एका अंशावर मुरवायला. आणि मोकळ्या झालेल्या टाकीच्या कागदावर त्याच दिवशी, त्याच पेन्सिलीने: ‘वायझेन, होळीसाठी’.

इथेच सगळं आलं. यीस्ट स्वतःसाठी व्हॅलिन नावाचं अमिनो आम्ल बनवतं. ते बनवताना मधल्या टप्प्यावरचा अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेट नावाचा पदार्थ थोडा पेशीबाहेर झिरपतो. त्याला वास नाही. बाहेर आल्यावर तो आपोआप, सावकाश, डायअसिटिल होतो. उबेत हे लवकर होतं, थंडीत रेंगाळत. आणि झालेलं डायअसिटिल यीस्टच परत पोटात घेऊन त्याचं अ‍ॅसिटॉइन, पुढे ब्युटेनडायॉल करून टाकतं, ज्यांचा वास सहसा कुणाला लागत नाही. म्हणजे पसारा करणारं यीस्ट आणि आवरणारंही यीस्टच. म्हणून लागर घालणारे साखर संपत आली की टाकी पंधरा ते अठरा अंशांपर्यंत चढवून दोन-तीन दिवस तशीच ठेवतात. आपल्या ब्रुअरने पंगत उठल्याबरोबर दिवे घालवले. यीस्ट गारठून तळाला बसलं, बिअर त्याच्यावरून काढून घेतली, खरकटं तसंच राहिलं. ते खरकटं पहिल्या शुक्रवारी बिनवासाचं होतं. पुढे दिवसागणिक त्याचं लोणी होत गेलं आणि ते खायला टाकीत कुणी उरलंच नव्हतं. टाकी बदलताना हवा लागली असेल तर कामाला आणखी वेग. साध्या लागरमध्ये लिटरला एक दशांश मिलिग्रॅमच्या आसपास डायअसिटिल झालं की सरावलेल्या नाकाला ते कळतं. इतकंसं पुरतं.

पातेलं

अंदाज पटला तरी पुरावा हवा होता. त्यासाठीची चाचणी इतकी सोपी आहे की ती प्रत्येक ब्रुअरीत का होत नाही याचं मला नवल वाटतं. ब्रुअरने तोटीतून दोन छोट्या बाटल्या भरून दिल्या. घरी येऊन बिअर जॅमच्या दोन बरण्यांत ओतली, झाकणं लावली. एक फ्रिजमध्ये. दुसरी पातेल्यात, पासष्ट अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं. मग थंड पाण्यात बुडवून दोन्ही सारख्या तापमानाला आणल्या. दोन्हींना वास नाही तर बिअर तयार. तापवलेलीलाच वास आला तर चोर अजून लपलेला आहे. दोन्हींना वास आला तर तो उजळ माथ्याने फिरतोय.

फ्रिजमधल्या बरणीला लोण्याचा वास होताच. तापवलेल्या बरणीचं झाकण काढलं आणि हॉलमधून आईचा आवाज आला, “तूप कढवायला घेतलंस का रे? एवढ्या रात्री?”

याहून तटस्थ परीक्षक मिळाला नसता. तिला बिअरचा गंध नाही, वादाचा पत्ता नाही. अर्थ असा की आत्ता जेवढा वास होता त्याच्या कितीतरी पट टाकीत अजून यायचा होता. मी रात्रीच ब्रुअरला फोन केला. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, खरं सांगू? मला आत्ताही येत नाहीये तो वास.”

हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. पुढच्या गुरुवारची वाट न बघता शनिवारी जमलो. बाजारात मिळणारी सौम्य लागर आणली, अर्ध्या बाटल्यांत बेकरीच्या दुकानातला बटर इसेन्स पाण्यात पातळ करून थेंबाथेंबाने घातला. प्रत्येकापुढे तीन ग्लास, दोन एकसारखे, एक वेगळा, कुठला ते ओळखायचं. नुसत्या ठोकताळ्याने तीनात एकदा बरोबर येतं. अकरा जणांत सात किंवा जास्त बरोबर आले तरच फरक खरा धरायचा असं आधी ठरवलं. काका त्या दिवशी गावाला होते, त्यांच्या जागी ब्रुअर बसला. आठ जणांनी ओळखलं. चुकलेल्या तिघांत ब्रुअर होता. काही माणसांना हा वास मुळातच कमी लागतो. डोळ्यांचा नंबर असतो तसं. त्यात त्याचा काही दोष नाही, पण ज्याच्या नाकावर पूर्ण टाकी पास होते त्याचंच नाक तेवढ्यापुरतं आंधळं निघालं.

मला त्या संध्याकाळचं दुसरंच दृश्य जास्त लक्षात राहिलंय. टाक्या धुणारा, पाइप जोडणारा पोरगा ग्लास गोळा करायला आला. बारामतीकडचा, घरी म्हशी. ब्रुअरने त्याला सहज तीन ग्लास पुढे केले. त्याने एकेकदा हुंगलं आणि मधला उचलला. “यात लोणी आहे. त्या तीन नंबरच्या टाकीला येतंय तसलं.” कधीपासून येतंय म्हणून विचारल्यावर म्हणाला, “होळीच्या आधीपासून, सर. मला वाटलं तुम्हाला तसंच पाहिजे.”

टेबलावर कुणी काही बोललं नाही. मी माझ्या डेअरीतल्या दोन-तीन पोरांचे चेहरे आठवत बसलो.

विकायची की ओतायची

टाकीत दोनशे ऐंशी लिटर शिल्लक होती. वाचवायचा एक जुना जर्मन उपाय आहे. ऐन जोमात आंबत असलेली ताजी बिअर थोडी तिच्यात मिसळायची आणि टाकी उबेला आणायची, म्हणजे ताजं यीस्ट जुनं खरकटंही संपवतं. पण त्या आठवड्यात जोमात आंबणारी दुसरी लागर त्याच्याकडे नव्हती. होती ती गव्हाची, आणि ती मिसळली असती तर लोणी जाऊन शिकरण आलं असतं.

गावाहून परतलेल्या काकांनी व्यापारी तोडगा काढला. “नाव बदला. मलई पिल्सनर म्हणा आणि ग्लासाला पन्नास रुपये जास्त लावा. लोक रांग लावतील.” हसलो सगळे, पण मुद्दा टोचणारा होता. शनिवारी ज्या आठ जणांनी लोणी ओळखलं त्यांना शेवटी कुठला ग्लास आवडला तेही विचारलं होतं. पाच जणांनी लोण्याचा सांगितला. पिणाऱ्यालाच आवडत असेल तर दोष म्हणणारे आपण कोण?

या प्रश्नावर आमचं आजही एकमत नाही. माझं मत सांगतो. चेक ब्रुअर जे पुसट लोणी ठेवतो ते ठरवून ठेवतो. आज प्यायलात तसंच ते पुढच्या महिन्यात असतं. आमच्या टाकीतलं लोणी कुणी ठेवलं नव्हतं, ते आपलंआपण वाढत होतं. साडेआठ देऊन घरी गेलेल्याला तीन आठवड्यांनी त्याच नावाने भलतीच वस्तू मिळते, आणि आवडली तरी ती लोणकढीच. शिवाय पातेल्याने सांगितलं होतं की वाढ संपलेली नाही. आज मलई म्हणून विकली असती तर मेमध्ये तीच बिअर थेट लोणच्याच्या फोडीबरोबर वाढायच्या लायकीची झाली असती.

सोमवारी सकाळी ब्रुअरने टाकी गटारात सोडली. मालक समोर उभा होता. त्याने फक्त एवढंच विचारलं म्हणतात, की होळीच्या गव्हाच्या बिअरवर जे कमावलं त्यातलं आता किती उरलं. ब्रुअरने आकडा सांगितला नाही. मला वाटतं त्या प्रश्नातच या प्रकरणाचं मूळ आहे. दोन-तीन दिवसांची ऊब ब्रुअरला माहीत नव्हती असं नाही, कॅलेंडरने ती त्याच्याकडून काढून घेतली. आम्हीही त्यात होतोच. होळीला गव्हाची बिअर संपली असती तर सगळ्यात मोठ्याने ओरडलो आम्हीच असतो.

उरलेला उन्हाळा त्याने लागर घातलीच नाही. त्याऐवजी कोलोनच्या कोल्शच्या धर्तीवर एक फिकट, हलकी बिअर आणली. तिचं यीस्ट थोड्या उबेत काम करतं, टाकी लवकर सोडतं, आणि दिसायला-प्यायला ती पिल्सनरची चुलत बहीण. फळ्यावर मात्र ‘कोल्श’ लिहिलं नाही, कारण ते नाव त्या शहराच्या ब्रुअरींनी राखून ठेवलेलं आहे. ‘उन्हाळी गोरी’ असं काहीतरी खडूने लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी सात दिले.

पिल्सनर परतली जुलैत, पाऊस लागल्यावर. क्लिपबोर्डवर आता नवव्या दिवसानंतर तीन ओळी जास्त आहेत: सोळा अंश, सोळा अंश, सोळा अंश. त्याखाली ‘बरणी’ असा रकाना, आणि त्यात सही ब्रुअरची नाही, बारामतीच्या पोराची. त्याने होकार दिल्याशिवाय टाकी गार होत नाही.

आम्ही अकराच्या अकरा गेलो होतो. पहिल्या शुक्रवारी एकदा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा, मुद्दाम. दोन्ही वेळा तशीच, कोरडी, कडवट, नितळ. मी डोळे मिटून शोधलं, लोणी कुठेच नव्हतं. काकांनी दुसऱ्या खेपेला अर्धा ग्लास संपवून मान डोलावली. “स्वच्छ आहे. मानलं.” मग मेन्यू कार्ड उलटसुलट करून बराच वेळ वाचलं आणि वेटरला हाक मारली, “बाळा, ते बटर गार्लिक मशरूम आहेत का रे?”